घाटातला अनुभव कॅनडाच्या उतारांवर कितपत कामी येतो

तुम्ही साताऱ्याहून विचारले आहे की, खंबाटकी आणि बोरघाटात वर्षानुवर्षे ट्रक चालवलेल्या माणसाला कॅनडात उतारावर गाडी चालवणे नव्याने शिकावे लागते का. शिकावे लागते. भारतातील जड वाहनाचा परवाना येथे थेट बदलून मिळत नाही, आणि कॅनडाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ऑक्टोबर २०२१ पासून क्लास १, म्हणजे ट्रेलरवाल्या जड ट्रकच्या, परवान्यासाठी प्रशिक्षण सक्तीचे आहे. तुमचा घाटातला हात वाया जाणार नाही, पण एक सवय मात्र तिकडेच सोडून यावी लागेल. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे चालक तुम्ही पाहिले असतीलच; तसे येथे केलेत, तर शेजारी बसलेला प्रशिक्षक त्याच क्षणी गाडी बाजूला घ्यायला लावील, आणि ते योग्यच आहे.

मी शिकलो तो याच प्रांतातल्या कोक्विहाला या डोंगरी महामार्गावर. सुमारे १,२४४ मीटर उंचीच्या माथ्यावरून दक्षिणेकडे निघाल्यावर साधारण ५० किलोमीटरांत तुम्ही होप गावी, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीला उतरता. माथ्याजवळ ट्रकांनी थांबून ब्रेक तपासण्याची जागा आहे. तेथे प्रशिक्षक चाकांना अडसर लावून, पार्किंग ब्रेक सोडून स्वतः पॅडल दाबून धरत असे आणि मी ट्रेलरखाली शिरून पुशरॉडवर (ब्रेक लावणाऱ्या दांड्यावर) खडूने केलेली खूण किती सरकते ते मोजत असे. साध्या टाइप ३० चेंबरला (हवेच्या दाबाने तो दांडा ढकलणाऱ्या डब्याला) २ इंचांपर्यंतची हालचाल चालते. थंडीत, चिखलात पाठीवर पडून हे करणे कंटाळवाणे वाटते. पण ब्रेकचा ड्रम तापला की प्रसरण पावून त्यावर घासणाऱ्या लायनरपासून दूर जातो आणि पुशरॉडला आणखी लांब जावे लागते, हे कळल्यावर कंटाळा राहत नाही. जो ब्रेक थंड असतानाच मर्यादेच्या टोकाला आहे, तो अर्ध्या उतारावर पॅडल पूर्ण दाबूनही धरणार नाही.

गियर माथ्यावरच ठरवायचा. ६३,५०० किलोपर्यंत भरलेली दोन ट्रेलरची गाडी एकदा वेग घेऊ लागली की खालचा गियर बहुधा पडत नाही, आणि तो न्यूट्रलमध्ये अडकला तर इंजिनचा आधारही जातो. गियर आपोआप बदलणारी गाडी असली तरी उतारावर मॅन्युअल निवडून तो धरून ठेवावा लागतो. वेग रोखण्याचे मुख्य काम खालचा गियर आणि इंजिन ब्रेक (इंजिनाच्याच जोरावर चाके रोखणारी यंत्रणा) करतात. पायाचा ब्रेक त्यांच्या मदतीला. सुरक्षित वेग ताशी ४० ठरवला असेल, तर काटा ४० वर आल्यावर ब्रेक ठामपणे दाबून ३२ पर्यंत यायचे, पाय पूर्ण उचलायचा, आणि पुन्हा ४० होईपर्यंत हात लावायचा नाही. पाय हलकासा ठेवून सतत ब्रेक घासत उतरण्याची जी रीत आपल्याकडे अनेकांच्या अंगवळणी पडलेली असते, ती मोडायला मला सर्वाधिक वेळ लागला.

बर्फात हे गणित बदलते. निसरड्या रस्त्यावर इंजिन ब्रेक फक्त ट्रॅक्टरची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाची, मागची चाके अडवतो; ती घसरली की ट्रेलर मागून ढकलत गाडी दुमडतो, म्हणून तेथे तो बंद ठेवून आणखी खालच्या गियरमध्ये, आणखी सावकाश उतरावे लागते. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात जड वाहनांना डोंगरी महामार्गांवर साखळ्या बाळगणे बंधनकारक असते. त्या चढवण्याचा सराव यार्डातच, हातमोजे घालून करून घ्या.

आपल्या देशातून येणारे पुष्कळ जण ओंटारियोत ब्रॅम्प्टनच्या आसपास शिकतात, जेथे घाट म्हणावा असा उतारच नाही, आणि पहिला खरा उतार त्यांना हिवाळ्यात, भरलेल्या गाडीसह भेटतो. तुम्हीही तिकडेच उतरणार असाल, तर नोकरी स्वीकारताना मैलाचा दर विचारण्याआधी हे विचारा की कंपनी ब्रिटिश कोलंबियात पाठवणार आहे का, आणि पाठवणार असेल तर पहिल्या हिवाळ्यात अनुभवी चालक शेजारी देणार का. उत्तर लेखी मिळत नसेल, तर ते काम घेऊ नका.