कांट नंतर, आधी गेटियरची तीन पानं

तत्त्वज्ञानातले आजचे वाद समजून घ्यायचेत म्हणून थेट जर्मन तत्त्वज्ञ कांटचा जाडजूड ग्रंथ उघडू नकोस; तिथंच बरेच जण गारद होतात. अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटियरचा 1963 चा निबंध घे. जेमतेम तीन पानं, पण 'सकारण, खरी समजूत म्हणजे ज्ञान' या व्याख्येला त्यानं सुरुंग लावला.

समज, रंकाळ्यावर मित्राची गाडी दिसली आणि तुला वाटलं, तो आलाय. गाडी आणलेली त्याच्या भावानं. मित्र मात्र खरंच आलाय, चालत. तुझी समजूत खरी, कारणही रास्त. मग तुला ते माहीत होतं का? यावर आठवडाभर डोकं खाजव, दोस्तांशी वाद घाल, मगच इतरांची उत्तरं वाच.

नवख्यांच्या हमखास चुका दोन:
- वाचल्या वाचल्या बाजू घेणं. आधी विरोधकाचा युक्तिवाद त्यालाही पटेल असा वहीत मांड, पाच ओळी पुरे.
- 'ज्याचं त्याचं मत' म्हणून विषय मिटवणं.

पुढं जाणिवेचा प्रश्न घे: मेंदूतल्या घडामोडींसोबत अनुभव मुळात का असतो? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सनं 1995 मध्ये याला 'अवघड प्रश्न' म्हटलं, वाद अजून पेटलेलाच आहे. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश नेटवर फुकट मिळतो. अख्खी नोंद वाचायचा हट्ट नको. तर्कशास्त्राची चिन्हं सध्या राहू देत. कुठं अडलं तर बिनधास्त विचार.