रेषा, लंबवर्तुळ आणि यथार्थदर्शन : पाने भरण्याआधी

तुम्ही लिहिले आहे की कल्याणहून फोर्टला नोकरीसाठी रोज ये-जा केल्यावर रात्री जेवणानंतर जेमतेम अर्धा तास हाती उरतो. त्या वेळात तुम्ही तीन महिने रोज रेषांची दोन आणि लंबवर्तुळांची दोन पाने भरत आहात. तरीही रेषा थरथरतात, लंबवर्तुळे बदामासारखी टोकदार होतात आणि खोकी मागच्या बाजूला पसरल्यासारखी दिसतात. हे सगळे निर्दोष होईपर्यंत इथेच थांबावे की पुढे जावे, हा तुमचा प्रश्न आहे. मी गेली २२ वर्षे अंतर्गत सजावटीच्या कामासाठी हाताने रेखाटने करते आणि नवख्या मुलांना शिकवतेही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुम्ही दाखवलेल्या पानांवर मला एक गोष्ट खटकली. एकाही रेषेच्या टोकांना ठिपके नाहीत आणि एकाही खोक्यावर तपासणीची खूण नाही. म्हणजे रेषा कुठून कुठे जायची हे आधी ठरलेले नव्हते आणि ती तिथे पोहोचली का, हे नंतर पाहिलेही नव्हते. अशी पाने कितीही भरली तरी हात दमतो आणि नजर होती तिथेच राहते. रोज दहाच रेषा काढा, पण दहाही ठरवून काढा आणि दहाही तपासा.

कागदावर दहा-बारा सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके द्या. हाताला सोयीची दिशा मिळेपर्यंत कागद फिरवा, कारण प्रत्येक हाताची एक नैसर्गिक दिशा असते. मग पेन टेकवण्याआधी कागदाच्या किंचित वरून तीच हालचाल दोन-तीन वेळा करा, नजर पुढच्या ठिपक्यावर ठेवा आणि न थांबता एका दमात रेषा ओढा. थरथर येते ती बहुतेक वेळा हळू ओढल्यामुळे येते. रेषा चालू असतानाच डोळा तिला दर क्षणी दुरुस्त करू पाहतो आणि त्या प्रत्येक दुरुस्तीची एक लहर कागदावर उमटते. सुरुवातीला रेषा ठिपक्याच्या पुढे गेली किंवा शेजारून गेली तरी चालेल, पण ती सलग हवी. अचूकता त्यानंतर येते. चुकलेली रेषा पुन्हा गिरवू नका, नाहीतर चूक नेमकी कोणत्या बाजूला होते हे कधीच कळणार नाही.

मनगट स्थिर टेकवून लांब रेषा ओढली की ती कंपासाच्या टोकासारखी वळते, म्हणून लांब रेषेसाठी हालचाल खांद्यातून यायला हवी. आपल्याकडच्या घरांत मोठे टेबल असेलच असे नाही. मी स्वतः कितीतरी वर्षे खाटेवर बसून, एक गुडघा वर घेऊन, त्यावर परीक्षेचे पॅड टेकवून सराव केला. त्या बैठकीत कोपर आपोआप अधांतरी राहते आणि खांदा मोकळा होतो.

लंबवर्तुळाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण तिथे चूक हाताची कमी आणि समजुतीची जास्त असते. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत वस्तुचित्रासाठी तांब्या, वाटी, बादली काढताना आपल्यापैकी अनेकांनी दोन कमानी एकमेकींना जोडून काठ काढायची सवय लावून घेतली, आणि जोडाच्या जागी टोक आले. लंबवर्तुळाला टोक कुठेच नसते. अरुंदातल्या अरुंद लंबवर्तुळाच्या कडाही गोलाईनेच वळतात. ते एकाच फिरत्या हालचालीत काढा आणि पेन न उचलता दोनदा फिरवा. वस्तूमुळे झाकला जाणारा मागचा भागही पूर्ण काढा.

आता कटिंग चहाचा काचेचा ग्लास घ्या. तो पारदर्शक असल्यामुळे वरचा काठ आणि तळ दोन्ही एकदम दिसतात. एक डोळा मिटून ग्लास सरळ धरा आणि काठ बरोबर डोळ्याच्या पातळीवर आणा, म्हणजे काठाची एक सरळ आडवी रेषा होते. मग ग्लास हळूहळू खाली न्या. काठ उघडू लागतो आणि त्याच वेळी तळ रुंदीच्या मानाने काठापेक्षा नेहमी जास्त उघडलेला असतो, कारण तो डोळ्याच्या पातळीपासून अधिक खाली आहे. तळ टेबलावर सपाट टेकलेला आहे म्हणून आपण चित्रात त्याची खालची कड सपाट काढतो आणि ग्लास तिथेच बिघडतो. ग्लास थोडा तिरका धरा आणि आणखी एक गोष्ट पाहा. ग्लासच्या मधून जाणारी आस आणि लंबवर्तुळाचा लहान अक्ष, म्हणजे त्याला अरुंद बाजूने मधोमध छेदणारी रेषा, एकाच रेषेत राहतात. मोठा अक्ष त्यांना काटकोनात असतो. हातगाडीचे चाक काढतानाही हेच लागू पडते: आधी चाकाच्या कण्याची दिशा काढा, लंबवर्तुळाचा लहान अक्ष त्या दिशेने ठेवा, चाक गाडीला नीट बसते.

या सगळ्याचा धागा म्हणजे डोळ्याची पातळी, आणि यथार्थदर्शनाचा, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याच्या पद्धतीचा, आरंभही तिथूनच होतो. ती समजून घ्यायला मुंबईइतकी सोयीची जागा नाही, कारण समुद्राचे क्षितिज आपल्याला उघडे दिसते आणि ते नेहमी आपल्याच डोळ्याच्या पातळीवर असते. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर कठड्यावर बसलेल्या माणसांच्या मागे उभे राहा. क्षितिज त्यांच्या डोक्यांच्या वरून जाते. मग स्वतः कठड्यावर बसा आणि थोड्या अंतरावर बसलेल्यांकडे पाहा. आता तेच क्षितिज त्यांच्या डोळ्यांच्या आसपास आलेले असते. फलाटावर समुद्र नसतो, पण पातळी असते. तुमच्याच उंचीची माणसे जवळ असोत की दूर, त्यांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर दिसतात, पावले मात्र दूर जाताना वर सरकत जातात. छपराच्या कडा त्या रेषेकडे उतरतात, फलाटाची कड तिच्याकडे चढते आणि दोन्ही एकाच लोपबिंदूकडे, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूकडे, जातात. परतीच्या गाडीत चित्र काढता येत नाही, पण उभे असताना वरच्या दांड्या कोणत्या बिंदूकडे जातात हे पाहून ठेवा आणि जागा मिळाल्यावर तो बिंदू किती खाली आला ते पाहा. हाही सरावच आहे.

‘आपली नजरच अशी नाही’ असे तुम्ही लिहिले आहे, ते मनातून काढून टाका. ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये यथार्थदर्शनाचे प्रयोग केले ते १५ व्या शतकाच्या सुरुवातीला, आणि अल्बर्टी या लेखक-वास्तुविशारदाने ती पद्धत १४३५ च्या सुमारास लिहून ठेवली. त्याआधीचे मोठमोठे चित्रकार तिच्याशिवाय काम करत होते. ही शिकण्याची गोष्ट आहे.

तुमची खोकी मागे पसरतात त्याचे कारण शोधण्यासाठी लाल पेन घ्या. खोक्याला १२ कडा असतात, चार-चारच्या तीन गटांत. प्रत्येक गटाच्या चारही कडा आपल्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने लाल रेषेने वाढवा. त्या हळूहळू जवळ यायला हव्यात. बहुतेक नवख्यांच्या खोक्यांत चारपैकी तीन कडा बरोबर निघतात आणि चौथी, मागच्या झाकलेल्या कोपऱ्याकडे जाणारी, फाकते. तुमच्याही पानावर मला तेच दिसते. कड काढताना फक्त शेजारच्या कडेकडे पाहण्याऐवजी चौघींकडे मिळून पाहा. लोपबिंदू कागदावरच बसवण्याचा आग्रहही सोडा; ते फार जवळ आले की खोके ओढल्यासारखे वेडेवाकडे दिसते.

खोके जमू लागले की त्याच्या एका बाजूवर वर्तुळ बसवून पाहा. चौकोनाचे कर्ण जिथे छेदतात तो वर्तुळाचा खरा मध्य, पण लंबवर्तुळाचा मोठा अक्ष त्या बिंदूतून जात नाही, किंचित आपल्या बाजूला राहतो. हे मला कळायला फार वेळ लागला, आणि तोवर माझी सगळी झाकणे डब्यांवरून घसरल्यासारखी दिसत.

तेव्हा थांबू नका. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटे रेषा, लंबवर्तुळे आणि लाल पेनाच्या तपासणीला द्या. उरलेल्या पंधरा मिनिटांत ओट्यावरचे डबे, खिडकीतून दिसणारी समोरची इमारत, मन लागेल ते काढा. त्या चित्रांत चुका राहू द्या. खोके कशासाठी शिकायचे हे त्याच चित्रांतून उमगते.

साहित्याबद्दल इतकेच, की साधा ए-फोर कागद आणि बॉलपेन पुरेसे आहे. पावसाळ्यात कागद सादळतो आणि जेल पेनची शाई फुटते, म्हणून रीम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. लंबवर्तुळांची साचेपट्टी, म्हणजे वेगवेगळ्या मापांची लंबवर्तुळाकार भोके असलेली पट्टी, विकत घ्यावी का, असेही तुम्ही विचारले आहे. कामावर मी ती वापरते, पण अंतिम रेखाटनासाठी, आणि कोणते भोक निवडायचे हे मी आधी हाताने काढून ठरवते. तुम्ही ती सध्या घेऊ नका.