'प्रॉडक्ट मॅनेजर'ला मराठीत काय म्हणायचं?

एका काकांचा प्रश्न आहे. मुलगी हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर. तिच्या स्थळासाठी मराठीत परिचयपत्र करताना त्यांनी हुद्दा 'उत्पादन व्यवस्थापक' असा लिहिला, आणि मुलाकडून फोन आला: कारखाना कुठे आहे, रात्रपाळी असते का? तर मग बरोबर शब्द कोणता?

काका, मुलाकडच्यांचं काहीच चुकलं नाही. भोसरीच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा, उत्पादन व्यवस्थापक म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजर: मशीन, पाळ्या, कच्चा माल, दिवसाला निघालेले नग. ती जागा या शब्दाने कधीच अडवलेली आहे.

गोम 'व्यवस्थापक'मध्ये नाही, 'उत्पादन'मध्ये आहे. हा शब्द आपण क्रियेलाही वापरतो आणि वस्तूलाही, 'जेवण'सारखा. जेवण चालू आहे आणि जेवण वाढलं आहे, दोन्ही बरोबर. संस्कृतात 'उत्पादन' म्हणजे मुळात उत्पन्न करणं. 'कंपनीचं नवं उत्पादन बाजारात' या बातमीत तो वस्तूला चालून जातो, पण पुढे 'व्यवस्थापक' लावला की क्रियाच वरचढ होते. हिंदीवाल्यांनी वस्तूसाठी 'उत्पाद' वेगळा काढला. तोही संस्कृतच, बौद्ध तत्त्वज्ञानातल्या 'प्रतीत्यसमुत्पाद' या शब्दातला. पण तिथे त्याचा अर्थ उपजणं, उद्भवणं असा आहे. मराठी कानाला 'उत्पाद व्यवस्थापक' हिंदी पाटीसारखा वाटतो आणि त्याच्यापाठोपाठ उत्पातही आठवतो. मी तरी तो लिहिणार नाही.

गंमत म्हणजे हे पद जन्मलं तेव्हाही त्याचा उत्पादनाशी संबंध नव्हता. १९३१ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गँबलमध्ये नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम पाहत होता. कंपनीचाच आयव्हरी साबण इतका तालेवार की कॅमेकडे कुणाचं नीट लक्ष जाईना. मॅकेलरॉयने वरिष्ठांना टिपण लिहिलं: प्रत्येक ब्रँडला स्वतःचा माणूस द्या. त्याने कुठे खपतो, कुठे खपत नाही, का खपत नाही हे शोधावं आणि त्यावर उपाय करावा. हाच गृहस्थ पुढे १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. म्हणजे साबणाच्या कारखान्यातही हा ब्रँडचा माणूस साबण बनवत नव्हता, साबणाची काळजी वाहत होता. सॉफ्टवेअरवाल्यांनी पुढे हीच कल्पना उचलली.

तुमची मुलगी नेमकं काय करते? समजा वीजबिल भरायचं ॲप आहे. विक्रीवाल्याने मोठ्या गिऱ्हाइकाला परस्पर शब्द देऊन ठेवलाय, इंजिनिअर म्हणतो दोन महिने लागतील, कायद्याचं बघणारे म्हणतात हे करूच नका, आणि आजोबांना मुळात बटणच सापडत नाही. यातलं आधी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, हे तिने ठरवायचं आणि सगळ्यांना पटवायचं. पटवायचं अशासाठी की यातलं कुणीही तिच्या हाताखाली नसतं. पगारवाढ त्यांची वेगळ्याच साहेबाच्या हातात. या पदाला 'छोटा सीईओ' म्हणायची फॅशन होती. अधिकार वजा केल्यावर सीईओत काय उरतं ते तिलाच विचारा. लग्नघरात एक मामा असतो बघा: पैसा त्याचा नाही, मुलगी त्याची नाही, पण आचारी, मांडववाला आणि भटजी तिघेही त्यालाच शोधत असतात.

'कारभारी' सुचवणारे भेटतात. शब्द झकास, पण कारभाऱ्याकडे शिक्का असायचा, हिच्याकडे तोच नाही. शिवाय परिचयपत्रात मुलीला कारभारी म्हटलंत तर मुलाकडचे वेगळंच समजतील. 'सूत्रधार' अर्थाने खूप जवळचा, पण वर्तमानपत्रांनी त्याला कटाचा मुख्य सूत्रधार करून पार पोलीस कोठडीत नेऊन बसवलंय. 'प्रकल्प व्यवस्थापक' तर साफ चूक. तो प्रोजेक्ट मॅनेजर. प्रकल्पाला शेवट असतो, प्रॉडक्ट चालू आहे तोवर त्याला शेवट नाही.

या कामातले इतर शब्दही असेच अडतात. करायच्या कामांची जी लांबलचक यादी असते तिला ते 'बॅकलॉग' म्हणतात. कोशात पाहाल तर 'अनुशेष' मिळेल. पण महाराष्ट्रात अनुशेष म्हटलं की विदर्भ-मराठवाड्याचा राहून गेलेला विकास आणि तो मोजणारा १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल आठवतो. अनुशेष हे देणं आहे, तो भरून काढायचा असतो. प्रॉडक्टवाल्यांचा बॅकलॉग संपवायचा नसतोच. त्यातली निम्मी कामं कधीच होणार नाहीत हे ओळखणं हीच तर नोकरी. इंजिनिअरिंगच्या पोरांचा बॅकलॉग म्हणजे राहिलेला विषय, तो मात्र खरोखर अनुशेष.

तेव्हा परिचयपत्रात सरळ 'प्रॉडक्ट मॅनेजर' लिहा, देवनागरीत. आपण डॉक्टर आणि इंजिनिअर लिहितोच की. 'व्यवस्थापिका' करायचीही गरज नाही.

बोलताना मात्र नामाच्या मागे लागूच नका. मराठीत हे काम क्रियापद करतं आणि ते आपल्या तोंडात आहेच. दुकान थोरला बघतो, शेती धाकटा बघतो. यात मालकी कुणाची, हात कुणाचे, हे काहीच सांगितलेलं नाही. बरंवाईट झालं तर विचारायचं कुणाला, एवढंच कळतं. पुन्हा फोन आला की सांगा, 'आमची मुलगी कंपनीचं बिल भरायचं ॲप बघते.' रात्रपाळीचं विचारलंच, तर ॲप रात्री बंद पडलं की तिलाही उठवतात, हेही सांगून टाका.