जुना ग्रेडर घेण्याआधी ब्लेडचं टोक हलवून बघ

चि. यास अनेक आशीर्वाद.

जुना मोटर ग्रेडर, म्हणजे पोटाखालच्या लांब ब्लेडने रस्ता सपाट करणारं मशिन, घेऊन तो पुन्हा चालता करायचा असं तू ठरवलं आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहती हाताशी आहेत, चांगले लेथवाले आहेत, म्हणजे नाशिकमध्ये हे काम नीट होऊ शकतं. फक्त सगळे घेणारे जी चूक करतात ती तू करू नकोस. ते इंजिन सुरू होतंय का तेवढं बघतात. ग्रेडरचा जीव ब्लेडमध्ये असतो. इंजिन दुरुस्त करणारे पुष्कळ मिळतील. पण ब्लेडपासून फ्रेमपर्यंत प्रत्येक जोडात थोडी थोडी झीज साठलेली असेल, तर ते मशिन रस्ता सपाट करणार नाही, नुसतं माती ढकलेल.

म्हणून बघायला जाताना पहार, पट्टी आणि खडू घेऊन जा. ब्लेड जमिनीपासून वीतभर वर घे. वर घेतलेल्या ब्लेडखाली लाकडी ठोकळे घातल्याशिवाय हात किंवा पाय कधीही न्यायचा नाही. मग ब्लेडच्या टोकाला पहार लावून वर-खाली आणि पुढे-मागे रेट, आणि किती हलतं ते पट्टीवर वाच. तेवढ्यावर थांबू नकोस. एकाला पहार धरायला सांग आणि तू एकेका जोडावर बोट ठेव: ड्रॉबारच्या (ब्लेड ओढणाऱ्या फ्रेमच्या) पुढच्या टोकाचा बॉल, सर्कलचे (ब्लेड फिरवणाऱ्या दातेरी कड्याचे) आधार-शूज, उचलण्याच्या दांड्यांची सॉकेट्स, ब्लेडच्या मागचे स्लाइड. झीज कुठली ते बोटाला लगेच कळतं. बॉल आणि सॉकेटमध्ये बहुधा शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, असतात; एकेक पातळ शिम काढत गेलं की ढिलाई जाते. शिम संपले आणि बॉल अंडाकृती झाला असेल, तर मात्र तो वेल्डिंगने भरून लेथवर घ्यावा लागेल.

सर्कलचं काम सावकाश कर. ग्रेडर बहुतेक वेळ ठरावीक कोनातच चालतो, त्यामुळे सर्कलची कड आणि दात तेवढ्याच भागात झिजलेले असतात. झिजलेल्या जागी शूज घट्ट बसवलेस, तर सर्कल फिरवताना न झिजलेल्या जागी अडकेल आणि पिनियनच्या, म्हणजे सर्कल फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या, दातांवर ताण येईल. आधी पूर्ण फेरी फिरव, सगळ्यात घट्ट जागा खडूने खुणाव, आणि शूज त्या जागी जुळव. दातांना ग्रीस थापू नकोस. आपल्या मुरुमाची धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिची घासायची पेस्ट होते. कोरडं ग्रॅफाइट बरं.

पिना आणि बुश नव्याने करून घेताना लेथवाल्याला नुसता जुना नमुना देऊ नकोस, कारण नमुनाच झिजलेला असतो. न झिजलेल्या टोकाचा व्यास मोजून आकडा दे. पिनेला ईएन 19 पोलाद, बुशला गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ. बुश प्रेसने ठोकल्यावर त्याचं भोक किंचित आवळतं, म्हणून आतलं रीमिंग, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणं, बसवल्यानंतरच करायचं. 50 मिमीच्या पिनेला 0.1 ते 0.15 मिमी सैलपणा ठेवलास तर ग्रीस आत शिरेल आणि खडखड होणार नाही. ग्रीसचं भोक आणि आतली खाच विसरली तर नवा बुशही लवकरच गेला म्हणून समज.

कॅटरपिलरने 1928 मध्ये रसेल ही ग्रेडर बनवणारी कंपनी घेतली, 1931 मध्ये ऑटो पॅट्रोल हा ग्रेडर आणला आणि 1938 मध्ये नंबर 12. त्या घराण्याच्या जुन्या मशिनांत ब्लेडचं सगळं नियंत्रण हायड्रॉलिकवर नसून गिअर, लांब शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंटवर चालतं. लिव्हर ओढली की आतले डॉग क्लच, म्हणजे दातेरी क्लच, एकमेकांत अडकतात. डॉगच्या कडा गोल झाल्या की भार येताच लिव्हर सुटते. ती सुटते म्हणून हाताने दाबून धरणारे ऑपरेटर दिसतील. त्याने उरलेल्या कडाही जातात. असं मशिन घ्यायचंच असेल, तर कंट्रोल बॉक्स उघडण्याचा खर्च धरूनच भाव कर.

मागच्या टँडम पेट्यांकडे, म्हणजे मागची चाकं चेनने फिरवणाऱ्या तेलाच्या पेट्यांकडे, कोणी बघत नाही. ड्रेन प्लग थोडासा सैल करून पहिली धार काचेच्या बरणीत घे. पाणी तळाशी बसलेलं असल्यामुळे तेच आधी येतं. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या मशिनात ते असणारच. दुधाळ तेल असेल तर बेअरिंग आणि चेन गंजल्या आहेत का ते उघडून बघ. चेनची झीज ताणून मोजायची: पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) 2 इंची असेल तर 12 पिचचं अंतर सुमारे 610 मिमी हवं, ते 18 मिमीने वाढलं असेल, म्हणजे 3 टक्के, तर चेन बदल.

आता इंजिन. उभ्या सायलेन्सर पाइपवर टोपी नसेल, तर पावसाचं पाणी एक्झॉस्टमधून उघड्या व्हॉल्व्हच्या सिलिंडरमध्ये उतरतं आणि पिस्टन गंजून धरतो. धरलेलं इंजिन दुसऱ्या गाडीने ओढून फिरवायचं नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) अर्धं-अर्धं मिसळून 100 मिली ओत, आठवडाभर मुरू दे, मग फ्लायव्हीलला पहार लावून दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने रेट. त्याआधी टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते बघ, नाहीतर पुशरॉड वाकतील.

सुरू करण्याआधी फ्युएल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, बोटाने पूर्ण मागे-पुढे सरकतो का हे तपास. तो उघड्या स्थितीत अडकला असेल तर डिझेल इंजिनाचे आरपीएम आवरत नाहीत आणि ते फुटू शकतं. पहिल्या सुरुवातीला एअर इनटेकवर दाबायला जाड सपाट पत्रा घेऊन एक माणूस उभा ठेव. तिथे हात लावायचा नाही.

पोनी इंजिन असलेलं मशिन मिळालं तर त्याची वेगळी काळजी घे. ते छोटं पेट्रोल इंजिन मोठ्या डिझेलला फिरवतं, आणि ऑइलचं प्रेशर चढेपर्यंत फिरवत ठेवायचं हा त्याचा मोठा फायदा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं. म्हणून बंद करताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होऊ दे. पोनीच्या ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर कार्ब्युरेटरची सुई गळून पेट्रोल खाली उतरतंय. ते ऑइल ताबडतोब बदल.

टायरच्या बाबतीत मात्र माझा आग्रह आहे. लॉक-रिंगची (वेगळ्या लोखंडी कड्याने टायर अडकवणारी) रिम असेल तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ दे, मगच रिंगला हात लाव. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात हवं. गंजलेली रिंग सुटली की माणूस दगावतो. पिंजरा नसलेल्या पंक्चरवाल्याकडे चाक नेऊ नकोस.

कागदपत्रांत लिलावातून घेत असशील तर त्याचा विक्रीआदेश हवा, आणि चेसिस आणि इंजिन नंबर जुळलेले हवेत. मोटर वाहन नियमांत ग्रेडर बांधकाम उपकरण वाहनात मोडतो, तेव्हा नोंदणीचं आरटीओत आधी विचार. मशिन लो-बेड ट्रेलरवरच आण. काळ्या मातीत जॅक लावू नकोस, खाली रेल्वे स्लीपरसारखी जाड फळी हवी.

रंग सगळ्यात शेवटी. कटिंग एज, म्हणजे ब्लेडच्या खाली बोल्टने बसवलेली पाती, त्याआधी बदल, झीज ब्लेडच्या खालच्या कडेपर्यंत पोचू देऊ नकोस; बोल्टांच्या भोकांचं अंतर मोजूनच नवी मागव. मग पहिल्या सरीनंतर ओलसर मुरुमावर 30 मीटरचा एक पट्टा काढ आणि त्यावर दोरी ताण. पन्हाळी पत्र्यासारख्या, सारख्या अंतरावर लाटा दिसल्या, तर आधी वेग कमी करून पुन्हा काढून बघ. तरीही लाटा राहिल्या तर कुठल्यातरी जोडात ढिलाई उरली आहे.

मशिन बघायला जाशील तेव्हा चेसिस नंबरची प्लेट, सर्कलचे दात, ड्रॉबारचा बॉल आणि टँडमचं बरणीतलं तेल यांचे फोटो मला पाठव. पैसे त्यानंतर दे.

तुझा,
काका