‘शुक्रवारपर्यंत आईला घेऊन जा’

प्रश्न : माझी आई दोन वर्षं न्यू जर्सीतल्या नर्सिंग होममध्ये (वृद्ध-आजारी लोकांना कायम ठेवून घेणाऱ्या निवासात) आहे. तिची शिल्लक संपली म्हणून मेडिकेडचा (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यमदतीचा) अर्ज केला आहे, निकाल यायचाय. तिथल्या कचेरीने तोंडी सांगितलं, शुक्रवारपर्यंत घेऊन जा. काय करावं?

उत्तर : आईला हलवू नका. एकदा घरी नेलंत की ती जागा परत मिळवणं फार अवघड जातं.

मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) किंवा मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमना १९८७चा केंद्रीय कायदा लागू होतो. रहिवाशाला काढायची कारणं मोजून सहा आहेत आणि साधारणपणे ३० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तीत कारण, तारीख, आईला कुठे पाठवणार ते ठिकाण, अपिलाची रीत आणि ओम्बड्समनचा (रहिवाशांच्या तक्रारींत मदत करणाऱ्या अधिकाऱ्याचा) पत्ता हवा. आईला समजेल अशा भाषेत, म्हणजे गरज असेल तर मराठीत, ही माहिती मिळण्याचा तिला हक्क आहे.

थकबाकी हे त्या सहांपैकी एक कारण खरं. पण मेडिकेडची कागदपत्रं पूर्ण दिली असतील आणि अर्ज फेटाळला गेला नसेल, तर ते लागू होत नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते : एखादं बँक स्टेटमेंट राहून जातं. म्हणून अर्जाची पोच आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत जपा.

आजच लेखी नोटीस मागा. ती आली की ठरलेल्या तारखेआधी अपील करा. आरोग्याला वा सुरक्षिततेला धोका असल्याखेरीज अपिलाच्या निकालापर्यंत आईला काढता येत नाही. ओम्बड्समनची मदत मोफत असते, फक्त तक्रारीला आईची संमती लागते.

आणि ‘बिल मी स्वतः भरेन’ अशा हमीवर सही करू नका. आईला ठेवून घेण्यासाठी तशी अट घालणंच बेकायदा आहे.