गीतेतलं युद्ध खरं झालं असं धरून वाचावं, की मनातलं समजून?

तुम्ही विचारलंय की युद्ध मनातलं समजून वाचलं, तर ती नुसती आपली कल्पना ठरत नाही का.

मी सोलापूरचा. आमच्याकडे भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर गावचे ग्रामदैवत मानलेले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांचा अक्षता सोहळा, म्हणजे लग्नसोहळा असतो. कुंभारकन्येनं लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली, अशी कथा. ते लग्न आजही नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या साक्षीनं लागतं. लहानपणी मी आजीच्या कडेवरून अक्षता टाकायचो. मूठ घामानं भिजलेली, निम्मे तांदूळ तळहातालाच चिकटायचे. काठीशी लग्न कसं लागेल, असं तिथं कुणी विचारत नाही. सगळ्यांना ते आतून दिसत असतं. अशा दिसण्याला मी ‘नुसती कल्पना’ म्हणणार नाही.

आता गीता. पहिल्याच श्लोकात ‘धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे’ आहे, आणि तेराव्या अध्यायात कृष्ण सांगतो की या शरीरालाच क्षेत्र म्हणतात. शब्द तोच. म्हणजे आत बघायची वाट ग्रंथानंच ठेवलीय, आपण ती बळंच काढत नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या ओवीतलं ‘स्वसंवेद्या’ही तेच सांगतं: ज्याचं त्यानंच जाणायचं.

मला हे उशिरा कळलं. घराच्या वाटणीच्या वेळी आम्ही भाऊ समोरासमोर बसलो होतो. माझ्या तोंडाला कोरड पडली, सही करताना पेन बोटांतून निसटलं. अर्जुनाचं अगदी हेच झालं होतं: तोंड सुकलं, गांडीव गळालं. त्या रात्री मी पहिला अध्याय काढला, तो स्वतःला अर्जुन समजूनच. पण अडकलो धृतराष्ट्राच्या एका शब्दावर, ‘मामकाः’. माझे. भावाची मुलंही ज्याला ‘माझे’ वाटत नाहीत, तो आंधळा मीच होतो. पुतण्यांचा विचार मी एकदाही केला नव्हता.

म्हणून सांगतो, ज्या पात्रात आपल्याला राहायला आवडतं तिथंच थांबू नका. आणि हल्ली ‘मनात चित्र रंगवा, हवं ते मिळेल’ असं ग्रंथाच्या नावावर सांगतात, ते मला मुळीच पटत नाही. गीता हवं-नकोचाच पीळ सोडवायला बसलीय. सिद्धरामेश्वर एवढे योगी, पण त्यांनी गावासाठी तळं खोदवलं. आतलं बघणं बाहेरच्या माणसांपासून तोडणारं नसावं.

युद्ध झालं की नाही, यावर मी आता वाद घालत नाही. झालं असेल तरी मला सापडलं ते त्या सहीच्या कागदावर.

वाचताना घाई नको. ही कथा चित्त अगदी हळुवार करून अनुभवावी, असं ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात सांगून ठेवलंय. मी रोज एकच ओवी घेतो, मोठ्यानं म्हणतो आणि पुस्तक मिटून बसतो. बरेच जण पहिला अध्याय नुसती नावांची यादी म्हणून ओलांडून जातात. तुम्ही तिथूनच सुरू करा.