वॉरंटी तीन वर्षांची, तक्रारीची मुदत मात्र दोनच

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. आई 68 वर्षांच्या, उभा जन्म चुलीपुढे गेला, आता सीओपीडी, म्हणजे श्वास अपुरा पडणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं : ऑक्सिजन मिनिटाला 2 लिटर, सतत प्रवाह, झोपेसह दिवसातून किमान 15 तास. मुलाने पुण्यातल्या दुकानात चिठ्ठी दाखवून 1 लाख 80 हजारांचं, खांद्याला अडकवायचं पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, आणलं. माहितीपत्रकावर ठळक ‘5 लिटर’. पहिल्याच रात्रीपासून झोपेत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, 82 टक्क्यांपर्यंत उतरू लागलं. दुकानदाराने यंत्र दोनदा ‘सर्व्हिसिंग’ करून दिलं, मग ‘कंपनीशी बोलतो’ सुरू झालं. बिलाला आता 22 महिने झालेत. वाचक विचारतात, ‘वॉरंटी तीन वर्षांची असल्याने थांबलो होतो. आता तक्रार करता येईल का?’

येईल. पण ज्या वाक्याच्या भरवशावर तुम्ही थांबलात, त्यानेच तुमचं सर्वांत मोठं नुकसान केलं आहे. श्रवणयंत्र असो की इन्व्हर्टर, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या ग्राहकांचा हाच समज असतो की वॉरंटी चालू आहे तोवर कायदाही थांबून राहतो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69 : तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमचं कारण कधी घडलं? वॉरंटी असते यंत्र बिघडल्यास दुरुस्त करून देण्याची. तुमचं यंत्र बिघडलेलंच नाही. ते ज्यासाठी बनवलंय तेच करतंय, आणि तुमच्या आईंना ते पुरत नाही.

हे नीट समजून घ्या, कारण तक्रारीचा सगळा मजकूर यावर उभा राहणार आहे. ही दोन-तीन किलोंची यंत्रं पल्स पद्धतीची असतात. श्वास आत ओढला की तेवढ्यापुरता ऑक्सिजनचा झोत सोडतात. त्यांच्यावरचे 1 ते 5 हे आकडे म्हणजे पायऱ्या, लिटर नव्हेत. अशा बहुतेक लहान यंत्रांतून पाचव्या पायरीवरही मिनिटाला एकूण लिटरभराच्या आसपासच ऑक्सिजन निघतो. झोपेत श्वास उथळ झाला किंवा तोंडाने सुरू झाला की यंत्राला तो कळेलच याची खात्री नसते. फिरायला, प्रवासाला, दवाखान्यात जायला ते सोयीचं आहे. ‘2 लिटर सतत, झोपेसह’ यासाठी लागतं ते चाकांवरचं, पंधरा-सोळा किलोंचं, विजेवर चालणारं 5 लिटरचं घरगुती यंत्र. सतत प्रवाह देणारी पोर्टेबल यंत्रंही मिळतात, पण ती जास्त जड असतात. चिठ्ठी वाचणाऱ्या विक्रेत्याला हा फरक माहीत असायलाच हवा होता.

म्हणजे कारण घडलं ते यंत्र घरी आलं त्या दिवशी, फार तर त्या पहिल्या रात्री. सर्व्हिसिंगच्या तारखेपासून मुदत मोजावी असा युक्तिवाद मी करून पाहीन, पण त्यावर विसंबणार नाही. फोन, व्हॉट्सअ‍ॅप, वकिलाची नोटीस यांनी मुदत वाढत नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो. मात्र ‘दुकानदार आश्वासनं देत होता’ एवढ्या कारणावर तो मंजूर होईल असं कुणीही छातीठोकपणे सांगू नये. तुमच्या हातात दोन महिने आहेत. आधी नोटीस पाठवण्याची सक्ती नाही, तेव्हा त्यात महिना घालवू नका.

तक्रारीत ‘यंत्र सदोष आहे’ हे मुख्य म्हणणं ठेवू नका. दोष म्हटलात की सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, यंत्र प्रयोगशाळेत पाठवा म्हणेल, त्याचा खर्च तुम्हाला भरावा लागेल, आणि अहवाल येईल ‘यंत्र व्यवस्थित’. तुम्ही लिहायचं ते एवढंच : सततच्या प्रवाहाची चिठ्ठी दाखवली असताना पायरीच्या आकड्याला लिटर म्हणून यंत्र विकलं, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. चिठ्ठी, बिल, माहितीपत्रक, आणि पुस्तिकेतलं मिनिटाला किती मिलिलिटर मिळतो ते पान, ही चार कागदं जोडा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह द्या आणि तो फोन विकू नका.

पुण्याला खेटे घालायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीत. बिलावर ‘पुणे न्यायकक्षा’ छापलंय, त्याने बिचकू नका. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

पैसे व्याजासह परत मिळण्याची बाजू मला बळकट वाटते. मधल्या काळात आईंना रुग्णालयात ठेवावं लागलं, त्याच्या भरपाईबद्दल मी सावध आहे. त्या रात्रींचा आणि त्या आजारपणाचा संबंध डॉक्टरांनी लेखी जोडून दिला तरच मागा.

कायदा म्हणतो, चाचणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि आजारी माणसाच्या प्रकरणातही आयोगांना घाई नसते याची मला चीड येते. निदान एक गोष्ट तुम्ही रोखू शकता. सामनेवाल्याला लेखी म्हणणं मांडायला 30 आणि वर जास्तीत जास्त 15 दिवस मिळतात. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितलं आहे. शेहेचाळिसाव्या दिवशी उभे राहा आणि तसा अर्ज द्या.

आणि आईंना निकालापर्यंत त्या यंत्रावर झोपवू नका. उद्याच डॉक्टरांना विचारून 5 लिटरचं घरगुती यंत्र भाड्याने आणा. वीज गेली तर ऑक्सिजनचं बी टाइप सिलिंडर हाताशी असू द्या. त्यात सुमारे 1500 लिटर असतात, 2 लिटरच्या प्रवाहावर बारा तास निघतात. त्या भाड्याच्या पावत्या जपून ठेवा, त्याही तक्रारीला जोडायच्या आहेत. जुनं यंत्र दुकानदाराने मागितलं तरी लेखी पोच घेतल्याशिवाय परत देऊ नका.